बेदाणा विकला गेला, पैसा कुठे गेला?

आषाढातली भुरभुर चालू होती. आमच्या पंचायत समितीच्या खोलीत बियाणे उगवले नाही म्हणून तक्रारी घेऊन आलेल्यांची गर्दी होती. तेवढ्यात ओळखीचा एक तरुण खांद्यावर पोते घेऊन दारात उभा राहिला. मला वाटले, खताची तक्रार असेल. त्याने पोते कोपऱ्यात टेकवले आणि तोंड सोडले. आत बेदाण्याची छापील पाकिटे होती. बरोबर चाळीस. एक फोडून पाहिले तर बेदाणा घामेजून त्याचा गोळा झालेला, आणि आंबूस वास.

"साहेब, दोनशे पाकिटं विकली बघा ऑनलाइन. ही चाळीस माघारी आली," पोरगा म्हणाला. त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर मोठ्या आकड्यात एकूण विक्री दिसत होती, ४९,८०० रुपये. मग त्याने खिशातून बँकेचे पासबुक काढले. त्यात सगळे मिळून जमा झाले होते २०,७३६ रुपये.

"मधले पैसे कुठं गेले, तेवढं सांगा."

त्याच्या मागे त्याची आई उभी होती. ती काही बोलली नाही. पण मला ठाऊक होते की या धंद्याला घातलेले ४० हजार रुपये तिने बचत गटातून उचलले होते. गटात चौदा बाया. कुणाचे शेळी विकल्याचे पैसे, कुणाचे खुरपणीचे. महिन्याच्या महिन्याला हप्ता आणि व्याज ठरलेले.

मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी वरमलो. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या गावातल्या सभेत मीच छाती काढून सांगितले होते, "पोरांनो, नुसते पिकवू नका, विकायला शिका. बाजार आता तुमच्या खिशात आहे." टाळ्या पडल्या होत्या. विकायला शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे, ते मात्र मी सांगितले नव्हते. ते आज सांगतो. कारण गावोगावची शिकलेली पोरे सध्या याच वाटेवर आहेत.

वाट दिसते सोपी

फ्लिपकार्ट २००७ साली सुरू झाले, ॲमेझॉन २०१३ साली भारतात आले, मीशो २०१५ साली. आज आपल्या तालुक्यातल्या वाडीवस्तीवर या कंपन्यांची खोकी येतात. खोकी येतात तशी जाऊही शकतात, हे पोरांच्या ध्यानात आले. माल घ्यायचा, फोटो काढायचा, किंमत टाकायची. कंपनीचा माणूस दारातून माल उचलून नेतो. दुकानाचा गाळा नको, भाडे नको, उधारी नको.

आमच्या सांगली जिल्ह्यात तर बेदाणा घरचाच. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तासगाव आणि सांगलीच्या बाजारात पंधरा किलोच्या बॉक्सने सौदे होतात. सौद्यातला भाव आणि मोबाईलवर दिसणारा पाकिटाचा भाव यात मोठे अंतर दिसते. ते अंतर म्हणजे नफा, असे कुणालाही वाटेल. या पोरालाही तसेच वाटले.

त्याने हंगामात दहा बॉक्स, म्हणजे दीडशे किलो बेदाणा २२० रुपये किलोने घेतला. त्याचे ३३ हजार. हमाली, तोलाई आणि गाडीभाडे दीड हजार. घरी आणून काडी, बारीक मणी आणि कचरा काढल्यावर १४५ किलो राहिला. अर्ध्या किलोची २९० पाकिटे झाली. पाकिटातला बेदाणा त्याला ११९ रुपयांना पडला, पिशवी, चिठ्ठी आणि खोके १६ रुपयांना. एकूण १३५. ऑनलाइन किंमत लावली २४९. वहीत लिहिले, "एका पाकिटामागे नफा ११४ रुपये." २९० पाकिटांचे ३३ हजार नफा, असे धरून चालला.

हा हिशेब चुकला कुठे? बेरीज बरोबर होती. बाजाराचा वाटा त्यात धरलाच नव्हता.

एका पाकिटाचा खरा हिशेब

आम्ही दोघांनी त्याच्या खात्याचे पान उघडले आणि एका पाकिटाचा हिशेब कागदावर मांडला. तो असा निघाला:

गिऱ्हाइकाने दिले: २४९ रुपये
कमिशन व ठराविक आकार: २५ रुपये
पोहोचवण्याचे भाडे: ५५ रुपये
या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी: १४ रुपये ४० पैसे
हातात आले: १५४ रुपये ६० पैसे
मालाचा आणि पॅकिंगचा खर्च: १३५ रुपये
राहिले: १९ रुपये ६० पैसे

विक्रीच्या रकमेत बेदाण्यावरचा ५ टक्के जीएसटी असतो. पण वर जे १४ रुपये ४० पैसे भरले त्याची वजावट मिळते, म्हणून त्याला वेगळा कर खिशातून भरावा लागला नाही. याशिवाय कंपनी विक्रीवर थोडा कर आधीच कापून सरकारात जमा करते. जीएसटीपोटी ही कपात जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. हे पैसे बुडत नाहीत, आपल्या नावावर जमा राहतात. पण विवरणपत्र वेळेवर भरले तरच हाती लागतात.

तर ११४ चे झाले २० रुपयांच्या आत. पोराने कागदाकडे बघून म्हटले, "तरी पण नफाच हाय की साहेब. मग तोटा कसा?"

तोटा त्या पोत्यात होता.

एक पाकीट माघारी आले की बारा गिऱ्हाइके गेली

त्याने गिऱ्हाइकाला घरपोच रोख देण्याची सोय ठेवली होती. माणूस रात्री मोबाईलवर बोट दाबतो, चार दिवसांनी पाकीट दारात येते तेव्हा घरात नसतो, किंवा मन बदललेले असते. माल तसाच परत फिरतो. काही पाकिटे थेट आसामपर्यंत जाऊन आली. जायला आठ दिवस, यायला दहा-बारा दिवस, तेही मे-जूनच्या उन्हात आणि नंतर पावसात, गाडीच्या पत्र्याखाली आणि गोदामात. बेदाणा साखरेचा माल आहे. तापला की घामेजतो, मग चिकटतो, ओल धरली की आंबतो.

परत आलेल्या प्रत्येक पाकिटामागे जाण्यायेण्याचे मिळून १०० रुपये त्याच्या खात्यातून कापले गेले. बेदाणा खराब झाला तो १३५ रुपयांचा. म्हणजे एका पाकिटाला २३५ रुपयांचा फटका. चांगल्या विक्रीत १९ रुपये ६० पैसे मिळतात. भागून पाहा. एक पाकीट माघारी आले की बारा गिऱ्हाइकांचा नफा जातो.

पोहोचलेल्या १६० पाकिटांवर कमाई ३,१३६ रुपये. परतीच्या ४० पाकिटांवर नुकसान ९,४०० रुपये. आणि घरात उरलेली ९० पाकिटे पावसाळी हवेत मऊ पडत चाललेली.

आई इतका वेळ गप्प होती. ती आठवडी बाजारात वीस वर्षे भाजी घेऊन बसते. ती म्हणाली, "सायेब, आमच्या बाजारात गिऱ्हाईक आधी पैसं देतंय, मग पेंडी पिशवीत टाकतंय. ह्यो कसला बाजार, माल फिरवून आणायचं भाडं बी आपुनच द्यायचं?"

आम्ही पदविकेला उतारा, रोग, खताच्या मात्रा शिकलो. परतीच्या मालाचा धडा कुणी शिकवला नाही. या बाईने तो एका वाक्यात सांगितला. बाजार वाईट नाही, त्याची रीत वेगळी आहे. ती आधी समजून घ्यायची, मग माल भरायचा.

आपण शेतकरी की व्यापारी?

नवख्याने पहिला प्रश्न स्वतःला हा विचारावा. स्वतःच्या बागेतला बेदाणा शेतकऱ्याने विकला तर त्यावर जीएसटी लागत नाही, असे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ च्या बैठकीत स्पष्ट केले आहे. पण शेजाऱ्याचा किंवा सौद्यातला बेदाणा घेऊन विकला की सातबारा खिशात असला तरी आपण व्यापारी.

ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला पूर्वी उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत मिळाली आहे. वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असेल (आपल्या राज्यात नुसत्या मालासाठी ती ४० लाख आहे) आणि माल राज्यातल्या राज्यातच विकायचा असेल, तर पॅनच्या आधारे नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येते. परराज्यात एक पाकीट जरी पाठवायचे तरी पूर्ण नोंदणी हवी, आणि मग विक्री होवो न होवो, विवरणपत्रे भरणे आले.

माझा सल्ला असा की सुरुवात राज्यातच करावी. पुण्या-मुंबईला पाकीट दोन-तीन दिवसांत पोहोचते. परत आले तरी खाण्याजोगे असण्याची आशा असते. "माझा माल आसामला जातो" हे ऐकायला बरे वाटते, पण हिशेबात ते महागात पडते. करापुरता तालुक्याच्या गावचा कर सल्लागार एकदा गाठावा. त्याची फी परतीच्या चार-सहा पाकिटांपेक्षा जास्त नसते.

पाकिटावर काय लिहायचे

खाण्याचा माल पाकिटात भरून विकायचा तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आधी हवी. तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याशिवाय मालाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, भरणाऱ्याचे नाव-पत्ता, भरल्याची तारीख, लॉट क्रमांक, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, पोषणमूल्ये, शाकाहारी मालाची हिरवी खूण आणि तक्रारीसाठी फोन क्रमांक. वजनमापाचे नियम आणि अन्नाचे नियम ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हींचे समाधान व्हावे लागते.

पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी दिलेली असते, हे आपल्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला माहीत नसते आणि काहींना ते बाधते. किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाईट असेल तर तसे पाकिटावर लिहावे लागते. दुसऱ्याच्या शेडमधला माल घेताना त्याने काय वापरले ते विचारून घ्या. पाकिटावर नाव तुमचे आहे, उत्तरही तुम्हालाच द्यावे लागेल.

तारखेचीही गोष्ट ध्यानात ठेवा. माल गिऱ्हाइकाच्या हाती पडतो तेव्हा त्याची किमान ३० टक्के मुदत किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये ऑनलाइन कंपन्यांना बजावले आहे. म्हणजे वर्षभर घरात पडलेला माल शेवटच्या महिन्यात स्वस्तात काढू, हा दुकानातला हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव पाकिटावर मिरवायचे तर माल इथला हवा आणि अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. कुठूनही आणलेल्या बेदाण्यावर 'सांगली' छापणे म्हणजे आपल्याच शेजाऱ्याच्या नावाची चोरी.

वजनाची मेख

या पोराच्या हिशेबात एक चूक अशी होती की ती कळल्यावर आम्ही दोघेही कपाळाला हात लावून बसलो. भाडे बहुतेक ठिकाणी अर्ध्या किलोच्या टप्प्याने आकारतात. त्याचा बेदाणा बरोबर अर्धा किलो, पण पिशवी आणि खोक्यासकट वजन ५६० ग्रॅम. झाले, भाडे पुढच्या टप्प्याचे. साठ ग्रॅमच्या खोक्यापायी तो प्रत्येक वेळी एक किलोचे भाडे भरत होता.

खोके मोठे असेल तर त्याहून वाईट. हलका पण फुगीर माल असला की कंपन्या आकारमानावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि सर्वसाधारणपणे ५,००० ने भागायचे. २५ बाय २० बाय १२ चे खोके घेतले तर ते १.२ किलो भरते, आत पाव किलो बेदाणा का असेना.

मग आम्ही उलट बाजूने विचार केला. एक किलोचेच भाडे द्यायचे तर ९०० ग्रॅम का पाठवू नये? मालाचा आणि पॅकिंगचा खर्च २३४, किंमत त्याच दराने ४४८, कमिशन वाढून ४५ धरले, भाडे तेच ५५, त्यावर जीएसटी १८, विक्रीवरच्या कराचा फरक तीन-साडेतीन रुपये. पाकिटामागे ९० रुपयांच्या आसपास राहतात. एक परत आले तर बाराऐवजी चार विक्रींत भरून निघते. गिऱ्हाईक थोडे कमी मिळेल, पण मिळेल ते परवडेल.

हे आकडे त्याच्या खात्यावरचे, त्या वेळच्या दराचे. प्रत्येक बाजाराचे दरपत्रक वेगळे असते आणि बदलत असते. कुठे कमिशन शून्य असते, पण भाडे आणि परतीचा आकार असतोच. आकडे तुमचे तुम्ही घाला, मांडणी मात्र हीच ठेवा.

नवख्याने पाळायच्या गोष्टी

पहिली: सुरुवात वीस पाकिटांनी करा. पंधरा किलोचा एक बॉक्स पुष्कळ झाला. बाजार जवळ आहे, बेदाणा शीतगृहात वर्षभर असतो. आपल्या घरात साठा करण्याचे कारण नाही. वीस पाकिटे जाऊन पैसे खात्यावर पडेपर्यंत दुसरा बॉक्स घेऊ नका.

दुसरी: पहिल्या वीस पाकिटांत किती परत आली ते वहीत लिहा. वीसात चार आली तर किंमत, वजन किंवा माल यांपैकी काहीतरी चुकले आहे. जिथे सोय असेल तिथे रोखीने पैसे घेण्याचा पर्याय बंद ठेवून पाहा. विक्री घटेल, परतीही घटतील.

तिसरी: पाकीट बंद करताना आणि परत आलेले उघडताना मोबाईलवर चित्रण करा. आत वेगळाच माल निघाला तर तक्रारीला तोच पुरावा. त्या तक्रारीलाही मुदत असते, चार दिवसांनी बघू म्हणू नका.

चौथी: उघडून परत आलेला खाण्याचा माल पुन्हा पाकिटात भरून विकू नका. दुसऱ्याच्या लेकराच्या पोटात जाणार आहे तो.

पाचवी: मोठ्या कंपनीच्या नावाचा माल स्वस्तात मिळतो म्हणून घेऊन विकायला जाऊ नका. खरेदीचे पक्के बिल आणि विकण्याची परवानगी नसेल तर खाते बंद होते, नकली निघाला तर गुन्हा दाखल होतो.

सहावी: "घरबसल्या दुकान काढून देतो, आधी पाच हजार भरा" असे फोन येतात. विक्रेता म्हणून नोंद करायला अशा मध्यस्थाची गरज नसते. आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला देऊ नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

आणि सातवी, सगळ्यात महत्त्वाची: पीककर्जाचे आणि बचत गटाचे पैसे पहिल्या प्रयोगाला लावू नका. द्राक्षाची बाग लावताना आपण आधी माती तपासतो. धंद्याची माती तपासायला बॉक्सभर बेदाणा पुरतो.

पुढे काय झाले

परत आलेली चाळीस पाकिटे त्याने खड्ड्यात गाडली. घरातली नव्वद पाकिटे आम्ही फोडायला लावली. बेदाणा ताडपत्रीवर सावलीत पसरला, पुन्हा निवडला. पंचेचाळीस किलो चांगला निघाला. गौरी-गणपती तोंडावर आले होते. गटातल्या बायांनी तो आठवडी बाजारात आणि दारोदार २५० रुपये किलोने विकला. ११,२५० रुपये आले. सगळा हिशेब धरून सात हजारांवर तोटा राहिला. गटाचे हप्ते तो आता द्राक्षबागेत छाटणीच्या कामाला जाऊन फेडतो आहे. अजून फिटायचे आहेत.

धंदा मात्र त्याने सोडला नाही. परवा गेलो होतो तर ओट्यावर ९०० ग्रॅमची पाकिटे रचून ठेवलेली. मोजली, वीसच होती. शेजारी शाळेची वही. प्रत्येक पाकिटाला एक ओळ: गेले कधी, पोहोचले कधी, हातात किती आले. मोबाईलवरचा विक्रीचा मोठा आकडा मी विचारला तर म्हणाला, "तो बघत न्हाई आता साहेब. पासबुकच बघतो."

आईने चहा दिला. जाता जाता म्हणाली, "सायेब, पुढल्या सभेत सांगताना ह्ये बी सांगा."

म्हणून सांगितले.